भर दुपारी मावळलेला सूर्य

"ताई, हा सूर्य कुठून आला?"

सुजितने चादरीत गुंडाळून आणलेलं चित्र काउंटरवर उभं केलं आणि पहिलं वाक्य हे टाकलं. ना रामराम, ना ख्यालीखुशाली. विजयश्रीला वाटलं, फ्रेमची कडी निघाली असेल, बदलून मागायला आला असेल. पण त्याच्या मागे त्याची बायको दिव्या उभी होती आणि तिचे डोळे रडून सुजले होते. फ्रेमच्या कडीसाठी कुणी रडत नाही.

चित्र विजयश्रीच्याच दुकानातलं होतं. माळशेज घाटात कठड्याला टेकून उभे असलेले सुजित आणि दिव्या, शेजारी कोसळणारा धबधबा, आणि मागे केशरी-जांभळ्या आभाळात मावळतीचा सूर्य. सगळं कसं रंगाच्या जाड फटकाऱ्यांनी काढल्यासारखं. ऑगस्टमध्ये तिने ते बनवून दिलं होतं.

"आम्ही माळशेजला भर दुपारी होतो," सुजित म्हणाला. "साडेबारा वाजले होते. आभाळ गच्च भरलेलं. सूर्य तर दिवसभरात एकदा बी दिसला नव्हता."

"अरे, तो मीच टाकला की," विजयश्री हसून म्हणाली. "फोटो काळवंडला होता. सूर्य टाकला की उठून दिसतं."

"त्या सूर्यानं माझी नोकरी चाललीय ताई."

तिचं हसू तोंडातच राहिलं.

सुजित परभणीकडचा. चाकणच्या एका कंपनीत सात वर्षं टेंपररी म्हणून घासला आणि दीड वर्षापूर्वी परमनंट झाला. चाकणमध्ये परमनंटची ऑर्डर हातात पडणं म्हणजे काय, ते ज्याने सात वर्षं दर सहा महिन्यांनी ब्रेक खाल्लाय त्यालाच कळेल. गावाकडे त्याच्या आईने त्या कागदाला हळदकुंकू लावलं होतं. आणि ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, कामावरून काढलेल्या पोरांनी कंपनीच्या गेटवर गोंधळ घातला. दुपारी बाराला एका अधिकाऱ्याच्या गाडीची काच फुटली. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने चार नावं सांगितली, त्यात एक सुजितचं. दसऱ्याच्या तोंडावर चार्जशीट आलं, सस्पेंड झाला आणि चौकशी लागली. आरोप शाबीत झाला की घरी.

त्या गुरुवारी सुजित बायकोला घेऊन मोटारसायकलवर माळशेजला गेला होता. लग्नाचा वाढदिवस होता. पण हे कुणाला पटवायचं? डबा घरचा, पेट्रोल आदल्या संध्याकाळी रोखीने भरलेलं. दिव्याचा फोन चार्जिंगला घरीच राहिलेला. सुजितच्या फोनमध्ये जो एक चांगला फोटो आला, तो कुणा वाटसरूने काढून दिलेला. तो त्याने स्टेटसला ठेवला, लोकांनी अंगठे दाखवले आणि चोवीस तासांत स्टेटस उडालं. कोणत्या तारखेला पाहिला, हे आता कुणाच्या बापाला आठवणार? गणपतीत एक्स्चेंजची ऑफर लागली तेव्हा त्याने तो फोन देऊन नवा घेतला. जुना पुसून द्यावा लागतो, तसा दिला. फोटो गेला तर गेला, चित्र होऊन भिंतीवर लागलाच आहे, असं तो तेव्हा म्हणाला होता. शहाण्या माणसानेसुद्धा असंच म्हटलं असतं.

"काल चौकशीची पहिली तारीख होती," सुजित सांगू लागला. "मी हे चित्र छातीशी धरून नेलं. चौकशीला पुण्याचे वकील नेमलेत. ते म्हणले, हे तर हातानं काढलेलं चित्र आहे. चित्रकार काय, मनात येईल ते काढील. फोटो असता तर बघितलं असतं. तेवढ्यात कंपनीचे साहेब म्हणले, आणि चित्र खरं धरलं तरी सूर्य मावळतोय. बाराला काच फोडून संध्याकाळी माळशेजला पोचायला काय लागतं? माझ्याच पुराव्यानं मला गाडलं बघा."

दिव्याने डोळ्यांना पदर लावला. "मी सांगितलं तर म्हणतात, बायको आहे, ती नवऱ्याचीच बाजू घेणार."

"मंगळवारी पुढची तारीख आहे," सुजित म्हणाला. "ताई, तुम्ही काढताना समोर माझा फोटो ठेवला असेल ना? तेवढा द्या. तुमच्याकडं केबलनं घेतलेला आहे तो."

फोटो विजयश्रीकडे नव्हता. गिऱ्हाइकाला फ्रेम दिली की त्याच्यासमोर लॅपटॉपमधला फोटो कायमचा पुसायचा, हा तिच्या दुकानाचा कडक नियम. लेकी-सुनांचे फोटो असतात, कुणाच्या हाती लागले तर काय होतं हे तिने दुसऱ्या एका दुकानाच्या बाबतीत पाहिलं होतं. या नियमासाठीच बायका विश्वासाने तिच्याकडे यायच्या. आता तोच नियम सुजितच्या मुळावर आला.

"पुसला रे. तुझ्यासमोरच पुसला होता."

सुजितने मान खाली घातली. मग एकदम वर करून म्हणाला, "मग दुसरं काढून द्या. जसं होतं तसं. मागं दरड पडली होती, जेसीबी उभा होता. तुमच्या हातात कला आहे, तुम्हाला काय अवघड?"

आता इथेच खरी गोम होती. विजयश्रीला चित्रं काढता येत नव्हती.

म्हणजे अगदीच येत नव्हती असं नाही. लातूरकडच्या शाळेत असताना ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ए ग्रेड मिळाली होती. नंतर लग्न झालं, नवरा रणजीत भोसरीत मशीनवर लागला, आणि ब्रश सुटला तो सुटलाच. दिघीत कोंडाजींचा गाळा भाड्याने घेऊन तिने आधी झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो सुरू केले, मग फ्रेमा. चार वर्षांपूर्वी तिला फोटोचं तैलचित्र करणारा फिल्टर सापडला. लोक सहलीला जाऊन यायचे. कुणी कंपनीतर्फे केरळला, कुणी गिरनारला, माणच्या आयटी पार्कातले तर थेट बालीला. येताना शेकड्याने फोटो आणायचे आणि त्यातला एकही धड नसायचा. मागे कुणाचं तरी ढुंगण, पायाशी पाण्याची बाटली, डोक्यावर विजेची तार. विजयश्री ते सगळं पुसायची, आभाळ बदलायची, मग त्यावर फिल्टर मारायची. फोटोचे बारीक कण विरघळून ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे व्हायचे. ते कॅनव्हासवर छापून आणायची आणि वरून खऱ्या ब्रशने पारदर्शक जेलचे खरे फटकारे ओढायची. वाळलं की बोटाला उंचवटे लागत.

त्या उंचवट्यांनीच घात केला. पहिलं मोठं चित्र तिने कोंडाजींना करून दिलं होतं, त्यांच्या बायकोचं, अंबूबाईचं. अंबूबाई वारल्यावर काशीच्या घाटावरचा तेवढा एकच फोटो मागे राहिला होता. म्हाताऱ्याने चित्रावरून बोट फिरवलं, उंचवटे लागले, आणि भर दुकानात ओरडला, "आरं, पोरीनं हातानं काढलंय!"

त्या वेळी एक वाक्य बोलायचं होतं. विजयश्री बोलली नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दुकानात सहा माणसं तिच्याकडे कौतुकाने बघत होती. तिलाही ते गोड लागलं, खोटं कशाला बोला? आठ दिवसांत कोंडाजींनी आपल्या पदरच्या पैशाने दुकानावर पाटी लावली, "हाताने काढलेली चित्रे मिळतील." दिघीतल्या जुन्या घराण्यातला मानाचा माणूस, आठ गाळ्यांचा मालक. त्याने सांगितलं म्हटल्यावर अख्खा भोसरी-दिघी रस्ता मानू लागला. जी गोष्ट एका वाक्यात मिटली असती, तिला दोन वर्षांत मुळं फुटली.

"बघते काहीतरी," ती सुजितला म्हणाली. "चित्र इथंच राहू दे."

ते गेल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि पुसलेल्या फायली शोधायला सुरुवात केली. सापडलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी भोसरीत एका कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने दोन तास खटपट केली आणि म्हणाला, मॅडम, यावर तुम्ही नंतर इतके फोटो भरलेत की जुन्याची राखसुद्धा उरली नाही.

परत येऊन ती त्या चित्रासमोर बसली. बाहेर रोजच्या जागी, दुकानाच्या उंबऱ्याशी, कोंडाजी प्लास्टिकच्या खुर्चीत तंबाखू मळत बसले होते. आणि चित्राकडे पाहता पाहता तिच्या लक्षात आलं की त्यात जे नाही, ते तिला लख्ख दिसतंय.

जेसीबी. दिव्याच्या डोक्यामागे उभा होता तो. आधी तिने रस्त्यात आलेली दरड पुसली, ते सोपं गेलं. मग जेसीबी. त्याच्या टपाला सुतळीने पिवळी छत्री बांधलेली होती, ती पुसली. पुढच्या लोखंडी सुपात कुणीतरी निळी प्लास्टिकची खुर्ची टाकून ठेवली होती. त्या खुर्चीचा एक पाय नेमका दिव्याच्या कानामागून, भिजलेल्या केसांतून बाहेर आला होता. तो पाय काढायला तिला अख्खी दुपार लागली होती. केसाचा एकेक तंतू सोडवून निळा रंग काढावा लागला. त्या दिवशी तिने त्या खुर्चीला आणि ती तिथे टाकणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. अशी खुर्ची माणूस विसरेल कशी?

मग तिला कळलं की साक्ष तिच्याजवळ आहे, आणि ती दिली तर काय होणार तेही कळलं. चौकशीत उभं राहून सांगावं लागेल की साहेब, हे चित्र नाहीच, हा फोटो आहे, मी फक्त पुसापुशी केली. भिंतीवर हाताच्या चित्राला मान होता आणि चौकशीत फोटोला. हाताचं म्हटलं तर सुजितची नोकरी जाणार. फोटो म्हटलं तर तिचं नाव जाणार, आणि कोंडाजींच्या कानावर गेलं की कदाचित गाळाही. त्यांनी पाटी लावली होती, लोकांपुढे शब्द टाकला होता. त्या शब्दाचं हसं झालेलं ते का खपवून घेतील?

जेवताना तिने रणजीतला सांगितलं. त्याने घास खाली ठेवला.

"तू कशाला मधे पडतीस? कंपनीची भानगड, कंपनी बघून घेईल. रोज कुणाची ना कुणाची नोकरी जातीय हितं."

"माझ्या सूर्यानं जातीय ना पण."

"त्यांनीच म्हटलं होतं ना छान झालं म्हणून? पैसे देऊन नेलं." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "विजू, आठ गाळे आहेत म्हाताऱ्याचे. एका शब्दावर बाहेर काढील. दुसरीकडं एवढ्या भाड्यात मिळणार नाही. पाया पडतो, गप ऱ्हा."

नवरा चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच तिला त्याचा राग आला. तीन दिवस ती चिडलेली होती. सुजितवर चिडली, दिव्याच्या केसांवर चिडली, त्या अनोळखी खुर्चीवर तर नव्याने चिडली. खरी चिडली होती स्वतःवर, पण ते कबूल करायला सोमवार उजाडला.

सोमवारी कोंडाजी आत डोकावले. चित्र पाहून म्हणाले, "ह्यो माळशेजवाला परत आला व्हय? काय बिघडलं?"

"काही नाही बाबा. फ्रेम."

"तुज्या हातचं बिघडत न्हाई," ते म्हणाले आणि जाऊन खुर्चीत बसले. विजयश्रीला वाटलं, याच्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी तिने चित्र पुन्हा चादरीत गुंडाळलं आणि पीएमपीच्या बसने चाकण गाठलं. रणजीत तिच्याशी बोलला नाही, पण बस स्टॉपपर्यंत मोटारसायकलवर सोडून गेला.

चौकशी कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये होती. लांब टेबलाच्या टोकाला पुण्याचे वकील, चौकशी अधिकारी. चष्मा नाकावर, आवाज बारीक, आणि प्रत्येक वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेण्याची सवय. एका बाजूला मॅनेजमेंटचे साहेब. दुसऱ्या बाजूला सुजित आणि त्याची बाजू मांडणारा त्याचा लाइनवरचा सहकारी रोहिदास. विजयश्रीने साहेबांना लगेच ओळखलं. हेच साहेब गेल्या वर्षी केरळच्या हाउसबोटीचा फोटो घेऊन आले होते. "कलाकाराच्या हातचं आहे," असं सांगून त्यांनी ते चित्र सासऱ्यांना भेट दिलं होतं.

तेही तिला ओळखून हसले. "मॅडम आर्टिस्ट आहेत," त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं. "आमच्याकडे पण यांचं पेंटिंग आहे. उत्तम हात आहे. पण आर्ट वेगळं आणि पुरावा वेगळा."

रोहिदासने विचारलं, "ताई, हे चित्र कधी काढलं, सांगा."

विजयश्री उभी राहिली.

"मी चित्रं काढत नाही साहेब," ती म्हणाली.

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. मॅनेजमेंटच्या साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण त्यांना अजून कळलं नव्हतं.

"हा फोटो आहे. कॉम्प्युटरवर फिल्टर मारून चित्रासारखा केलाय. वरून जेलचा हात दिलाय, म्हणून बोटाला रंग लागल्यासारखं वाटतं. माझ्या दुकानातली सगळी चित्रं अशीच आहेत. यातली माणसं, कपडे, धबधबा खरा आहे. सूर्य मी टाकला. आणि मागं जे होतं ते मी पुसलं."

सुजित तिच्याकडे बघतच राहिला. साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना बहुधा सासरे आठवले असावेत.

"मागे काय होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दरड पडलेली. वाहनांची रांग. आणि जेसीबी."

रोहिदासने पिशवीतून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात घाटातल्या दरडीची चार ओळींची बातमी आली होती. साहेब लगेच सरसावले. "हेच वाचून सांगतायत. जेसीबी काय, कुठल्याही दरडीवर असतोच. उद्या कुणीही येऊन सांगेल."

"बातमीत फोटो आहे का?" विजयश्रीने विचारलं.

"नाही," रोहिदास म्हणाला.

"मग मी सांगते. जेसीबीच्या टपावर पिवळी छत्री होती, सुतळीनं बांधलेली. ड्रायव्हर खाली उभा, डोक्याला केशरी टॉवेल. पुढच्या सुपात निळी खुर्ची ठेवलेली, प्लास्टिकची. तिचा एक पाय या पोरीच्या कानामागून निघाला होता." तिने चित्रात दिव्याच्या केसांवर बोट ठेवलं. "हितं. सगळ्यात जास्त वेळ तो पाय पुसायला गेला. हितं बघा, केस दाट झालेत. ते तिचे नाहीत, मी भरलेत."

अधिकारी उठून जवळ आले, चष्मा वर करून त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. मग परत जाऊन स्वतःचा फोन काढला आणि काहीतरी शोधू लागले. सुजितने डोळे मिटले होते आणि त्याचे ओठ हलत होते. विजयश्रीला वाटलं, छत्री पिवळीच होती ना? का हिरवी होती? जे सांगितलं त्यावर एका माणसाचं घर टांगलंय आणि आपल्याला आता छत्रीचा रंगसुद्धा खात्रीने सांगता येईना.

पाच मिनिटं गेली असतील. अधिकाऱ्यांनी फोन टेबलावर ठेवला. तिकडच्या कुणा वार्ताहराने त्याच गुरुवारी टाकलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ होता. पावसाची बुरबुर, उतरून उभे राहिलेले लोक, आणि पिवळी छत्री लावलेला जेसीबी. कॅमेरा वळला तशी सुपातली निळी खुर्ची दिसली. मग एका माणसाने ती उचलून बाजूला ठेवली आणि यंत्र सुरू झालं. वार्ताहर सांगत होता, दुपारचे सव्वा वाजले आहेत आणि अखेर दरड हटवण्याचं काम सुरू झालं आहे.

"खुर्ची सुपात होती ती सव्वाच्या आधी," अधिकारी हळूच म्हणाले. "म्हणजे फोटोही. बाराला काच फोडून सव्वाच्या आत चाकणहून तिथं पोचता येत नाही."

"हा व्हिडिओ यांनी आधी पाहिला असेल," साहेब म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

आता मात्र विजयश्रीचं डोकं फिरलं. "साहेब, व्हिडिओ बघून खोटं बोलायचं असतं, तर मी चित्रकार राहूनच बोलले असते. तुमच्यासमोर, या कामगारांसमोर मी माझं दुकान बुडवून बसले. खोट्यासाठी कोण एवढं करतं?"

अधिकाऱ्यांनी तिची साक्ष सावकाश लिहून घेतली, तिला वाचून दाखवली आणि सही करायला सांगितली. बाहेर आल्यावर सुजित तिच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, "मीच घालवत होते तुझी नोकरी. पाया काय पडतोस?"

तीन आठवड्यांनी आरोप शाबीत झाला नाही असा अहवाल आला आणि सुजित कामावर गेला. पण तिला तेव्हा हे माहीत नव्हतं. मंगळवारी बसमधून परतताना तिला एवढंच कळत होतं की बातमी तिच्या आधी दिघीला पोचणार. रोहिदासने एकाला सांगितलं असेल, त्याने दुसऱ्याला. चाकणपासून दिघीपर्यंत फोन नसलेला माणूस कुठे उरलाय?

बुधवारी सकाळी ती स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढत होती. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत आपणच उतरवलेली बरी. तेवढ्यात रस्त्यापलीकडून कोंडाजी आले. काखेत अंबूबाईचं चित्र होतं. त्यावरचा चंदनाचा हार काढून ठेवलेला होता.

"खाली उतर," ते म्हणाले.

ती उतरली. हातातला स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवावा हेही तिला सुचेना. कोंडाजींनी चित्र काउंटरवर आडवं ठेवलं.

"लोकं म्हनत्यात ते खरं हाय? हातानं न्हाई काढलंस?"

"नाही बाबा." तिने पुढे सबब सांगितली नाही. "चुकलं माझं. गाळा रिकामा करा म्हणालात तर करते."

गाळ्याचं त्यांनी ऐकलंच नाही. त्यांचं बोट चित्रावर, अंबूबाईच्या डाव्या भुवईच्या वर टेकलं होतं.

"हितं जखमंची एक खून व्हती तिच्या. ती काय झाली?"

विजयश्रीला आठवायला वेळ लागला. दोन वर्षांपूर्वीचं काम. फोटो धूसर होता, कपाळावर काहीतरी तिरपं दिसत होतं. माणसांच्या तोंडावरचे डाग ती नेहमीच काढायची, त्यात काही विचार करायचा नसतो. एकदा बोट लावलं की गेला.

"मी पुसली," ती म्हणाली. "डाग वाटला."

कोंडाजी खुर्चीत बसले. मग रस्त्याकडे बघत बोलू लागले, पण ते तिलाच सांगत होते.

"लगीन होऊन वरीस बी झालं नव्हतं. मी रानातनं आलो, भाकर झाली नव्हती. तांब्या हानला फेकून. पितळंचा. रगत थांबंना. सगळ्या गावाला तिनं सांगितलं, गाईनं शिंग मारलं. आईला तेच सांगितलं, लेकास्नी तेच सांगितलं. पन्नास वर्सं गाईचंच नाव घेतलं तिनं. मला एका शब्दानं बोलली न्हाई, आन मी बी कवा चुकलो म्हनलो न्हाई."

त्यांचा आवाज फाटला. "तू ह्ये आनून दिलंस. बगतो तर खून न्हाई. म्या म्हनलं, एवडं हुबेहूब काढलंय पोरीनं, आन तेवडीच कशी न्हाई? तिनंच वरनं पोरीचा हात धरला आन पुसली. म्हंजी मला माफ केलं. दोन वर्सं म्या रोज दिवा लावून ह्येच बगत बसतो."

विजयश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला वाटत होतं की आपण कुणाचं काही वाईट केलं नाही, नुसते डाग काढले. आणि अंबूबाईने कधी न दिलेली माफी तिने या माणसाला विकली होती. आता तीही परत घेतली.

"बाबा, मला माहीत असतं तर..."

"काढ ती परत," कोंडाजी म्हणाले. "मशीनीनं न्हाई. हातानं काढ."

"बिघडेल चित्र. माझा हात राहिला नाही आता."

"बिगडू दे."

तिने खालच्या खणातून जुने रंग शोधून काढले. तपकिरी नळी घट्ट झाली होती, दाबून दाबून थोडा निघाला. जेलचा ब्रश धुतला, त्याला रंग लावला आणि कॅनव्हासवर वाकली. ब्रश दोनदा मागे घेतला. कोंडाजी चित्र दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे राहिले.

"नखायेवडी. तिरकी. भुवईपासनं वर," त्यांनी सांगितलं.

तिने श्वास रोखून रेघ ओढली. वाकडी झाली, एका टोकाला थोडी जाडही झाली. अंबूबाईचा चेहरा क्षणात वेगळा दिसायला लागला, कुणीतरी खरं माणूस समोर येऊन बसल्यागत. कोंडाजींनी चित्र उजेडाकडे तिरपं केलं आणि डोळे बारीक करून पाहिलं.

"आनखी खोल व्हती," ते म्हणाले.

तिने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.